प्रथिनाला लावली शेपटी!

बालदोस्तांनो,

इन्शुलिनबद्दल या पानावर लिहिलं, तेव्हा तुमची बरीच पत्रं आली. त्यातल्या एका पत्रात सातवीतल्या एका मुलीनं विचारलंय, ‘बाई, जिवाणूंकडून माणसाचं इन्शुलिन बनवून घेतात, हे समजलं. पण जिवाणूच्या पोटात त्याची स्वतःचीही प्रथिनं असणारच ना? मग त्या गर्दीतून आपलं प्रथिन वेगळं कसं काढतात? चिमट्यानं?’

शाब्बास! असा प्रश्न सुचायला धडा नुसता पाठ करून चालत नाही, त्यावर विचार करावा लागतो. आजचं सगळं पान या एकाच प्रश्नासाठी.

वेगळं काढलंच नाही तर?

कुणी म्हणेल, ‘एवढा आटापिटा कशाला? जिवाणू कुटावेत, रस गाळावा आणि द्यावं टोचून.’ नाही रे बाबांनो! त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका.

१९२२ सालचा जानेवारी महिना. कॅनडातल्या टोरांटो शहराच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा होता. त्याला मधुमेह झालेला. त्या काळी या मुलांसाठी औषधच नव्हतं. त्यांना अगदी थोडं खायला देऊन जमतील तेवढे दिवस जगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हाती. लेनर्डचं वजन कसंबसं ३० किलोच्या आसपास उरलं होतं.

बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी गुरांच्या स्वादुपिंडापासून एक अर्क काढला होता. ११ जानेवारीला तो लेनर्डला टोचला. रक्तातली साखर जराशी उतरली, पण टोचलेल्या जागी गळू झालं. अर्कात इन्शुलिन होतं, पण त्याबरोबर नको ती इतर द्रव्यंही होती. डॉक्टरांना थांबावं लागलं.

मग जेम्स कॉलिप नावाचे रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. अल्कोहोलचं प्रमाण थोडंथोडं बदलत त्यांनी त्या अर्कातली घाण बाजूला काढली. २३ जानेवारीपासून हा शुद्ध अर्क लेनर्डला देऊ लागले आणि साखर झपाट्यानं खाली आली! मुलगा उठून बसला. पुढे तो आणखी १३ वर्षं जगला.

पाहिलंत? औषध तेच. ११ तारखेचं आणि २३ तारखेचं. फरक फक्त शुद्धतेचा. म्हणून प्रथिन बनवणं हे अर्धं काम आणि ते निवडून काढणं हे उरलेलं अर्धं. किंबहुना जास्त अवघड.

लग्नघरातली भांडी

आता जरा गावातल्या लग्नात जाऊ या. पंगतीला भांडी कमी पडतात, म्हणून आळीतल्या प्रत्येक घरातून पातेली, तांबे, वाट्या येतात. लग्न उरकतं आणि अंगणात घासलेल्या भांड्यांचा ही रास पडते! सगळ्या वाट्या सारख्याच दिसतात. मग आपली वाटी कशी ओळखायची? आजी म्हणते, ‘अगं, नाव बघ की काठावर!’

हां! भांड्यावर नाव घातलेलं असतं. दुकानदारानं घेतानाच टकटक करून कोरून दिलेलं. वाटीच्या कामात त्या नावानं काही फरक पडत नाही. आमटी तशीच मावते. पण हजार वाट्यांत आपली वाटी सापडते.

प्रथिनांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. प्रथिन तयार होतानाच त्याच्यावर नाव घालून घ्यायचं. फक्त इथे नाव कोरत नाहीत, टोकाला एक छोटीशी शेपटी जोडतात. इंग्रजीत तिला ‘ॲफिनिटी टॅग’ म्हणतात. ॲफिनिटी म्हणजे ओढ आणि टॅग म्हणजे खुणेची चिठ्ठी. ज्या शेपटीला एखाद्या ठरावीक वस्तूचीच ओढ आहे, ती ही खुणेची शेपटी.

शेपटी लावतात कुठे?

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, हे तुम्हाला माहीत आहे. मणी म्हणजे अमिनो आम्लं. ते २० प्रकारचे. कोणता मणी कोणानंतर ओवायचा, याची सूचना डीएनएमध्ये लिहिलेली असते. दर तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक मणी.

हिस्टिडिन नावाचा एक मणी आहे. डीएनएच्या लिपीत त्याचा एक शब्द आहे सी-ए-टी. म्हणजे कॅट! मांजर! (दुसरा शब्दही आहे, सी-ए-सी.) आता आपल्या प्रथिनाच्या जनुकाला लागून हा शब्द सहा वेळा लिहिला, तर काय होईल? जिवाणू बिचारा सांगितलेलं काम इमानानं करतो. आपलं प्रथिन ओवून झालं, की त्याच दोऱ्यात पुढे सहा हिस्टिडिनचे मणी ओवतो. झाली शेपटी तयार! फक्त १८ अक्षरांचं काम.

ही अशी वेगवेगळ्या ठिकाणची जनुकं जोडून बनवलेली प्रथिनं, त्यांना ‘रिकॉम्बिनंट’ म्हणजे पुनर्संयोजित प्रथिनं म्हणतात. शब्द मोठा आहे, पण अर्थ ‘नव्यानं जुळवलेली’ एवढाच.

आणि शेपटी पकडतात कशी?

आता खरी गंमत. पावलापावलानं जाऊ.

पहिलं पाऊल. जिवाणू वाढवायचे. ई. कोलाय नावाचे हे जिवाणू आपल्या शरीराइतक्या उबेत, ३७ अंश सेल्सियसला, भराभर वाढतात. त्यांच्याकडे स्वतःची चार हजारांहून जास्त जनुकं असतात. म्हणजे हजारो तऱ्हेची प्रथिनं. त्यांत आपलं एक.

दुसरं पाऊल. जिवाणू फोडायचे. आपल्याला ऐकू न येणाऱ्या तीव्र ध्वनिलहरींनी ते फुटतात. किंवा लायसोझाइम घालायचं. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात हे असतं आणि ते जिवाणूची भिंत विरघळवतं. हे सगळं बर्फात ठेवून करतात बरं का! कारण जिवाणूतच प्रथिनं तोडणारी प्रथिनंही असतात. उबेत ठेवलं तर ती आपल्या मालाचे तुकडे करून टाकतील.

तिसरं पाऊल. ते मिश्रण यंत्रात गरगर फिरवायचं. ताक घुसळताना लोणी वर येतं. इथे उलट, चोथा तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. आपलं प्रथिन विरघळलेलं असलं, तर ते त्या पाण्यात असतं.

चौथं पाऊल, सगळ्यांत महत्त्वाचं. हे पाणी एका उभ्या नळीत ओतायचं. नळीत बारीक मणी भरलेले असतात. ते बहुधा ॲगरोजचे असतात. ॲगरोज म्हणजे काय? तुमच्या घरी चायना ग्रासची थंडगार वडी करतात ना? तेच ते समुद्री शेवाळाचं आगर-आगर. त्यातलाच एक भाग म्हणजे ॲगरोज. या मण्यांना निकेल या धातूचे अणू पक्के बांधून ठेवलेले असतात.

निकेलच्या अणूला सहा हात आहेत असं समजा. चार हातांनी तो मण्याला धरून बसतो. दोन हात मोकळे. आणि हिस्टिडिन दिसलं रे दिसलं, की त्या मोकळ्या हातांनी तो त्याला पकडतो! सहा हिस्टिडिनची शेपटी आली, की पकड घट्ट बसते. शेपटीवालं प्रथिन अडकतं आणि बाकीची मंडळी नळीतून खाली वाहून जातात.

पाचवं पाऊल, धुणं. काही आगंतुक प्रथिनांतही एखाददुसरं हिस्टिडिन असतं. ती अर्धवट चिकटून बसतात. त्यांना हलकेच धुऊन काढायचं.

सहावं पाऊल. अडकलेलं आपलं प्रथिन सोडवायचं. हिस्टिडिनच्या अंगावर पाच अणूंचं एक छोटं कडं असतं, त्याचं नाव इमिडॅझोल. निकेल पकडतो ते या कड्यालाच. मग सुट्टं इमिडॅझोल पाण्यात मिसळून नळीत भरपूर ओततात. संगीत खुर्चीत एका खुर्चीवर शंभर जण तुटून पडले तर काय होईल? तसंच. निकेलचे हात सुट्ट्या कड्यांनी भरून जातात आणि आपलं प्रथिन सुटून खालच्या नळकांड्यात टपटप उतरतं. धुताना वापरतात तेही इमिडॅझोलच, पण अगदी थोडं. थोडं घातलं तर आगंतुक निघतात, भरपूर घातलं तर आपला पाहुणा निघतो. आहे की नाही युक्ती?

हे सुचलं कुणाला?

एका माणसाला, एका दिवशी नव्हे. विज्ञानात असं क्वचितच होतं.

नळीतून द्रव ओतून पदार्थ वेगळे करण्याची कला रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवली. खडूची पूड भरलेल्या नळीतून त्यांनी पानांचा रस सोडला आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगळे झाले. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थच मुळी रंग!

१९७५ मध्ये स्वीडनमधल्या येर्कर पोराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मण्यांना धातू बांधला तर काही प्रथिनं त्याला चिकटतात. पुढे १९८७-८८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे रोश कंपनीतल्या एरिख होखुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलची पक्की पकड आणि हिस्टिडिनची शेपटी यांची जोडी जमवली. प्रथिन धातूला चिकटेल की नाही, हे आता नशिबावर राहिलं नाही. हवं त्याला चिकटवता येऊ लागलं.

त्याच १९८८ सालात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये वेगळीच गंमत झाली. तिथले डोनाल्ड स्मिथ आणि केव्हिन जॉन्सन एका चपट्या कृमीवर काम करत होते. हा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि आजार करतो. त्याच्या अंगातलं एक प्रथिन लस म्हणून उपयोगी पडेल का, हे तिथे तपासत होते. त्या प्रथिनाचं नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला जीएसटी म्हणतात. (बाबांच्या बिलावरचा जीएसटी नव्हे हं!) या प्रथिनाला ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूची भारी ओढ. मग मण्यांना ग्लुटाथायोन बांधलं आणि जीएसटीच शेपटी म्हणून हव्या त्या प्रथिनाला जोडली, तर? जमलं! त्रास देणाऱ्या कृमीचं प्रथिन जगभरच्या प्रयोगशाळांत मदतीला आलं.

तिसरी शेपटी, तीही १९८८ चीच, तिचं नाव ‘फ्लॅग’. फ्लॅग म्हणजे झेंडा. आठच मण्यांची ही शेपटी ओळखणारी प्रतिपिंडं तयार केलेली आहेत.

शेपट्या लहान-मोठ्या असतात. हिस्टिडिनची सहा मण्यांची. जीएसटीची मात्र दोनशेहून जास्त मण्यांची! उंदराला हत्तीची शेपटी लावावी, तसं. मग मोठी शेपटी लावतात तरी कशाला? कारण काही प्रथिनं नीट विरघळत नाहीत, त्यांची गुठळी होते. मोठं, छान विरघळणारं प्रथिन शेजारी असलं, की तीही बऱ्याचदा विरघळतात. अवखळ मुलाचा हात धरून मोठी ताई चालते ना, तसंच.

सापडलं कशावरून?

नळकांड्यात उतरलं ते आपलंच प्रथिन, हे कशावरून? तेही तपासावं लागतं. विज्ञानात ‘असेल बहुतेक’ चालत नाही.

त्यासाठी पातळ जेलीची वडी घेतात. तिच्या एका टोकाला प्रथिनं ठेवून वीज सोडतात. लहान प्रथिनं जेलीतून पुढे पळतात, मोठी मागे रेंगाळतात. मग कुमासी ब्लू नावाचा निळा रंग देतात. हा रंग मुळात लोकरीसाठी काढलेला होता. फोडलेल्या जिवाणूंच्या रकान्यात कितीतरी निळे पट्टे दिसतात आणि नळीतून निघालेल्या मालाच्या रकान्यात एकच ठळक पट्टा. तो पट्टा पाहिला, की प्रयोगशाळेत कुणीतरी हमखास आनंदानं ओरडतं!

आणखी खात्री हवी? मग ती प्रथिनं एका पातळ पापुद्र्यावर उमटवून घेतात आणि शेपटी ओळखणारी प्रतिपिंडं त्यावर सोडतात. प्रतिपिंड म्हणजे आपल्या रक्तातले पहारेकरी. प्रत्येकाला एकच आकार ओळखता येतो. शेपटी असेल तिथेच ती बसतात आणि रंग किंवा उजेड देऊन सांगतात, ‘इथे आहे, इथे!’ म्हणजे एकच शेपटी दोन कामं करते. पकडायलाही आणि ओळखायलाही.

शेपटी राहू द्यायची का?

इन्शुलिनची गोष्ट आठवा. १९७८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा जिवाणूंकडून माणसाचं इन्शुलिन करून घेतलं, तेव्हा वरच्या शेपट्या अजून यायच्या होत्या. त्यांनी उलटं केलं होतं. इन्शुलिनच्या छोट्या माळा जिवाणूच्याच एका भल्यामोठ्या प्रथिनाला जोडल्या, म्हणजे जिवाणू त्यांना खाऊन टाकणार नाही. नंतर रसायनानं त्या कापून मोकळ्या केल्या. १९८२ मध्ये ते औषध म्हणून विकायला अमेरिकेत परवानगी मिळाली.

औषध म्हणून टोचायच्या प्रथिनात परकी शेपटी राहिलेली सहसा चालत नाही. म्हणून एक तर ती लावतच नाहीत, नाही तर नंतर कापतात. कापायची कात्रीही प्रथिनाचीच. तंबाखूच्या झाडांवर पडणाऱ्या एका विषाणूकडे अशी नेमकी कात्री आहे. प्रथिन आणि शेपटी यांच्यामध्ये तिच्या ओळखीची सात मण्यांची खूण ओवून ठेवली, की ती बरोब्बर तिथेच कापते.

शेपटीच्या खोड्याही आहेत. कधी प्रथिनाची माळ अशी गुंडाळली जाते, की शेपटी आतच दडते आणि निकेलला सापडतच नाही. मग ती दुसऱ्या टोकाला लावून पाहायची. कधी शेपटीमुळे प्रथिनाचं कामच अडतं. म्हणून प्रत्येक नव्या प्रथिनाशी नव्यानं ओळख करून घ्यावी लागते.

पण संशोधनात आणि तपासण्यांत या शेपट्यांचा उपयोग फार मोठा. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा कुणाच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालीत, हे कळणं गरजेचं होतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथल्या शास्त्रज्ञांनी विषाणूवरच्या काट्याचं प्रथिन पेशींत बनवलं, त्याला सहा हिस्टिडिनची शेपटी लावली, निकेलनं पकडलं आणि त्यावर रक्ततपासणी उभी केली. सारं जग घरात अडकलं होतं, तेव्हा ही छोटी शेपटी कामात होती.

घरी करून पाहा

साहित्य: सारख्या आकाराच्या ४० चिठ्ठ्या, कागदांना लावायची लोखंडी यू-पिन, एक लोहचुंबक, पातळ प्लॅस्टिकची पिशवी, घड्याळ.

एका चिठ्ठीवर ‘इन्शुलिन’ लिहा, बाकीच्या कोऱ्या ठेवा. सगळ्यांच्या सारख्या घड्या घालून ताटात मिसळा. आता भावाला किंवा मैत्रिणीला ‘इन्शुलिन’ शोधायला सांगा. किती वेळ लागला, ते लिहून ठेवा.

मग त्याच चिठ्ठीला यू-पिन लावा, पुन्हा मिसळा. लोहचुंबक पिशवीत घालून चिठ्ठ्यांवरून फिरवा. आली ना चिकटून? एखादी कोरी चिठ्ठी मध्ये अडकून वर आली, तर हलकेच झटका. ते झालं ‘धुणं’. आता पिशवीतून चुंबक काढून घ्या. चिठ्ठी खाली पडेल. ते झालं ‘सोडवणं’. शेवटी यू-पिन काढा. शेपटी कापली!

धाकट्या भावंडांपासून चुंबक आणि पिना दूर ठेवा. खेळ झाला की मोजून डब्यात भरा.

पालकांसाठी दोन ओळी

मुलांना होणारा मधुमेह बहुतेक वेळा त्यांनी गोड खाल्ल्यानं झालेला नसतो. त्यांच्या शरीरात इन्शुलिनच बनेनासं होतं. असं एखादं मूल आपल्या मुलाच्या वर्गात असेल, तर कृपया घरी हे समजावून सांगा. ते डब्याआधी सुई टोचून घेतं, म्हणून त्याला कुणी वेगळं बसवू नये, चिडवू नये. लेनर्डच्या आईवडिलांना जे मिळायला १९२२ साल उजाडावं लागलं, ते आज एका छोट्या बाटलीत मिळतं. त्यामागे किती जणांचं निवडणं-पाखडणं आहे, हे मुलांना कळलं, तर ती सुईकडे भीतीनं नाही, आदरानं पाहतील.

डोकं चालवा

शेपटी कापायच्या कात्रीलाही शास्त्रज्ञ बहुधा सहा हिस्टिडिनची शेपटी लावून ठेवतात. कापणं झालं, की सगळं मिश्रण पुन्हा त्याच निकेलच्या नळीतून ओततात. सांगा, आता नळीत काय अडकेल आणि खाली काय उतरेल?

आधी स्वतः विचार करा, मगच पुढे वाचा.

उत्तर: कात्री अडकेल, कापलेली शेपटीही अडकेल. चुकून न कापलं गेलेलं प्रथिनही अडकेल. आणि खाली उतरेल ते आपलं बिनशेपटीचं, शुद्ध प्रथिन. पहिल्या वेळी जे अडकलं होतं, तेच या वेळी मोकळं वाहून आलं!

उत्तर बरोबर आलं, त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घ्या. चुकलं, त्यांनी चिठ्ठ्यांचा खेळ एकदा करून पाहा, लगेच कळेल. आणि खेळात तुमचा वेळ किती वाचला, ते मला पत्रानं नक्की कळवा.

तुमची,
बाई